भागोजीने भट्टी सोडली

हातखंब्याच्या नाक्यावर तेव्हा तीन हॉटेलं होती. पण गोव्याकडून येणारी गाडी थांबली की ड्रायव्हर रस्ता ओलांडून सरळ भागोजी गोताडकडेच जायचा. हॉटेल म्हणजे चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आत चार बाकडी आणि रस्त्याकडे तोंड करून मातीची भलीमोठी भट्टी. त्या भट्टीपुढे भागोजी उभा असायचा. ठेंगणा, रुंद, अंगात बनियन, खांद्यावर पंचा आणि तोंडाची टकळी सारखी चालू. वडा कढईत सोडताना तो पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायचा, काढताना मागच्याशी.

मी १९८३च्या जूनमध्ये तिथल्या शाळेत बदलून आले. राहायला रत्नागिरीत, नोकरी हातखंब्याला. शाळा सुटली की परतीच्या एसटीला अर्धा-पाऊण तास असायचा. पहिल्या दिवशी पाऊस होता म्हणून मी हॉटेलात शिरले. बाईमाणूस एकटं आत येऊन बसलं म्हणून चार माना वळल्या. भागोजीने भट्टीजवळूनच ओरडून सांगितलं, "ह्या शाळंतल्या बाई हायेत. तो कोपऱ्यातला बाकडा त्यांचा. ततं कुनी बसायचं नाय." ते बाकडं पुढे सात वर्षं माझं राहिलं.

त्याची बायको गोदा दुपारी वाडीतून त्याची भाकरी घेऊन यायची, मागच्या पडवीत भांडी घासायची आणि उन्हं कलली की परत जायची. उंच, सावळी, कामाला वाघीण. भागोजी जितका बोलका तितकी ही अबोल. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मात्र ती माझ्याबरोबर रत्नागिरीच्या गाडीत चढायची. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत डॉक्टरांचे कागद. एकदा मी विचारलं, "तुला काय होतंय गो?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काय व्हत नाय, बाई. तेच तर दुखणं."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत तिची गर्भपिशवी दोनदा साफ करून झाली होती, गोळ्या झाल्या होत्या, कंबरेतली इंजेक्शनं झाली होती, एका वैद्याचं कडू चूर्ण सहा महिने घेऊन झालं होतं. गावच्या देवीला बोललेला नवस तसाच राहिला होता. वाडीत कुणा पोटुशीची ओटी भरायची असली की बायका गोदाला भांडी-पाणी बघायला मागच्या दारी पाठवायच्या. तीही उठून जायची. सासू, येसूबाई, वाईट बाई नव्हती. पण गेल्या शिमग्यापासून तिने भागोजीच्या दुसऱ्या लग्नाचं मनावर घेतलं होतं आणि पालीकडची एक मुलगी हेरून ठेवली होती. या सगळ्यात भागोजीला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

१९८५च्या दिवाळीच्या सुमाराला रत्नागिरीत सोवनीबाई म्हणून एक डॉक्टरीण नव्याने आली. गोदा तिच्याकडे गेली. सोवनीबाईंनी पिशवीतले सगळे कागद टेबलावर पसरले, एकेक वाचला आणि विचारलं, "नवऱ्याची तपासणी कुठाय?"

"त्येंना काय झालाय?" गोदा म्हणाली. "ते धडधाकट हायेत."

"धडधाकट माणसाचीही करतात. साधी तपासणी आहे, दुखत नाही, कापाकापी नाही. तुझ्यावर दोनदा हत्यार चालवलं ना, त्याच्या आधी ही करायला हवी होती. पुढच्या खेपेला त्यांना घेऊन ये. ते येत नसतील तर तूही येऊ नको."

गोदाने हे घरी सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेले तर भागोजी गप्प. वडा सोडतोय, काढतोय, तोंडातून शब्द नाही. एका ड्रायव्हरने विचारलंही, "काय रे, दाढ दुखते काय?" असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भट्टी थंड होती आणि भागोजी धुतलेला सदरा घालून गोदाच्या शेजारी एसटीच्या रांगेत उभा होता.

त्या दिवसाबद्दल पुढे त्याने मला अर्धं सांगितलं, अर्धं हसण्यावारी नेलं. लॅबोरेटरीतल्या पोरसवदा माणसाने हातात एक बाटली दिली आणि कोपऱ्यातल्या दाराकडे बोट केलं. बाहेर बाकावर पाच माणसं, त्यातलं एक गावचं. "बाई," भागोजी म्हणाला, "बावीस वर्सं भट्टीफुडं उभा हाय. पन त्या खोलीत जेवढा घाम आला तेवढा कंदी आला नाय."

रिपोर्ट शुक्रवारी दुपारी मिळाला. सोवनीबाई सोमवारशिवाय भेटणार नव्हत्या आणि भागोजीला सोमवारपर्यंत धीर निघेना. संध्याकाळी त्याने तो कागद वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बाकड्यावर आणून ठेवला. कागद इंग्रजीत होता. "जरा बगा हो काय लिवलाय," म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला.

मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण. तसला कागद आयुष्यात पाहिला नव्हता. वाचलं, कानाच्या पाळ्या गरम झाल्या, पुन्हा वाचलं. मग शक्य तितक्या सरळ आवाजात सांगितलं, "बियातल्या जंतूंची मोजणी आहे ही. तुमचे चाळीस लाख आलेत. निदान दोन कोटी असायला हवेत असं इथे छापलंय."

भागोजी वळला. कागदावर बोट ठेवलं.

"चाळीस लाख?"

"हो."

"चाळीस लाखातल्या एकालापन वाट घावत नाय?"

मला हसू आवरेना. मग तोही हसला आणि हसता हसता बाकड्यावर बसला. पंच्याने तोंड पुसत राहिला, पुसत राहिला, आणि माझ्या लक्षात आलं की तो हसत नाही. पडवीच्या दारात गोदा उभी होती. तिचे हात राखेने भरलेले. ती आत आली, माझ्यादेखत कधी त्याच्याजवळसुद्धा उभी न राहणारी ती बाई, आणि तिने मनगटाने त्याच्या खांद्याला नुसतं ढकलल्यासारखं केलं. "उठा," म्हणाली. "तेल जळतंय."

सोमवारी त्यांनी मलाही बरोबर नेलं. डॉक्टरीण बोलते ते डोक्यावरून जातं, बाई असल्या म्हणजे लक्षात ठेवतील, असं भागोजीचं म्हणणं. सोवनीबाईंनी त्याला आधी एका सर्जनकडे तपासायला पाठवलं आणि तो परत आल्यावर आम्हा तिघांना समोर बसवलं.

"डाव्या बाजूच्या शिरा फुगल्यात," त्या म्हणाल्या. "पायाच्या फुगतात ना, तशाच. तिथे रक्त साठतं आणि ती जागा तापते. बी जिथे तयार होतं ती जागा निसर्गाने अंगाबाहेर ठेवलीय ती थंड राहावी म्हणून. तुम्ही काम काय करता?"

"हॉटेल हाय. भट्टीफुडं असतो."

"किती तास?"

"फाटं पाचला पेटते. दिवेलागणीला इजते."

सोवनीबाईंनी चष्मा काढून ठेवला. "आणि लंगोट?"

भागोजीने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "कसून," तो म्हणाला.

मग सोवनीबाईंनी एका कागदाच्या मागे रेघा ओढत सगळं समजावलं. शिरांचं ऑपरेशन रत्नागिरीतच होण्यासारखं होतं. त्याबरोबर भट्टी सोडायची, लंगोट सोडायचा, तंबाखू सोडायची. पण नवं बी तयार व्हायला तीन महिने लागतात, सुधारणा दिसायला सहा, मूल राहायचं तर वर्ष-दोन वर्षं. आणि दहा जणांत तिघाचौघांनाच गुण येतो. दुसरं, मुंबईला जायचं. तिथे नवऱ्याचं बी घेऊन डॉक्टर स्वतः बायकोच्या गर्भपिशवीत नेऊन सोडतात. पण दर महिन्याला ठरल्या दिवशी मुंबई गाठावी लागेल, आणि चाळीस लाखांवर त्याचाही भरवसा थोडा. तिसऱ्या गोष्टीकडे येताना त्यांनी आवाज खाली आणला. मुंबईतच परक्या माणसाचं बी घेऊन तसंच करतात. कोण तो कळत नाही, त्याला तुम्ही कळत नाही. गोदाची पाळी नियमित आहे, नळ्या मोकळ्या आहेत. या वाटेने बहुधा सहा-आठ महिन्यांत दिवस राहतील. "आणि संस्थेतून मूल दत्तक घेणं आहेच. ते शेवटी ठेवायचं असतं असंही नाही. कुणी आधीच घेतात."

भागोजीने विचारलं, "डाक्टरीणबाय, तुमचा भाऊस असता तर त्येला यातला कोनचा सांगितला असतात?"

"पहिला. पण भावाने ऐकलं नसतं. त्यात वाट बघावी लागते."

आधी मुंबईचं काय ते प्रत्यक्ष ऐकून यावं आणि मग ठरवावं, असं ठरलं. भागोजीचा भाऊ बाबल्या परळला राहायचा, तिथे चार दिवस उतरायचं. पण घरातून निघायच्या आधी येसूबाईने विषय काढला. खळ्यात भात वाळत घातलं होतं, ती कोंबड्या हाकत बसली होती. म्हणाली, "हिला घेऊन मुंबयला कशाला? पालीवाल्यांना मी निरोप धाडलाय. रविवारी पोर बघायला जायचं हाय."

भागोजी तिच्यासमोर उकिडवा बसला. हे मला गोदाने सांगितलं. ती ओटीवर उभी होती आणि तो काय बोलणार हे तिलाही माहीत नव्हतं.

"आये, त्या पोरीला बघून काय उपेग नाय. ती आली तरी हिच्यासारखीच ऱ्हाणार. खोट माज्यात हाय."

"काय बोलतोस काय?"

"माज्यात हाय. तपासून घेतलाय. शाळंतल्या बाईंनी कागद वाचलाय."

येसूबाईला पहिल्यांदा ते पटेचना. बाटल्या बदलल्या असतील म्हणाली. कुणा दुसऱ्याचा कागद दिला असेल म्हणाली. गोताडांच्या घरात असं कधी झालं नाही म्हणाली. भागोजी प्रत्येक वेळी तेच वाक्य, तेवढ्याच आवाजात सांगत राहिला. शेवटी कोंबड्या भातात शिरल्या तरी ती उठली नाही. पालीवाल्यांना उलटा निरोप तिने स्वतःच पाठवला. गोदाशी मात्र त्यानंतर महिनाभर एक शब्द बोलली नाही. गोदा मला म्हणाली, "रागानं नाय हो बाई. मना वाटतं, त्यांना काय बोलायचं ता सुचत नसंल."

मुंबईतल्या डॉक्टरांनी दोघांना चांगलं वागवलं. सोवनीबाई म्हणाल्या होत्या त्याहून वेगळं काही सांगितलं नाही. परक्या बियाचं त्यांनी नीट खुलासेवार सांगितलं. रक्तगट जुळवून घेऊ, रंगरूपही शक्य तेवढं जुळवू. दोघांची सही लागेल. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: हे तुमच्या दोघांतच राहायला हवं. आईला नाही, भावाला नाही, पुढे मुलालाही नाही. बाहेर बाकावर एक जोडपं बसलं होतं, बाई सहा महिन्यांची पोटुशी, आणि नवरा तिच्या पाठीमागे उशी नीट करत होता. गोदाने ते बराच वेळ बघितलं.

परतीची एसटी पकडायला ते मुंबई सेंट्रलच्या डेपोत आले. गाडीला दोन तास होते. ट्रंकेवर गोदा बसली, खाली जमिनीवर भागोजी. तो म्हणाला, "मी सही करतो. माजी हरकत नाय. तुज्या पोटचं तर व्हईल. तुला कोन वांझ म्हनायचा नाय."

"मना म्हनतात ता नऊ वर्सं आयकलाय," गोदा म्हणाली. "आनी जरा आयकीन. पन तुमी खोटं बोलाल काय?"

"बोलंन."

"तुमी? शिळा वडा असला तर गिऱ्हाइकाला आधी सांगता. पोर झालं आनी नाक्यावर कुनी म्हनलं, भागोजी, नाक तुज्यासारकं हाय, तर तुमचं तोंड कसं व्हईल ता मना आताच दिसतंय. रोज कुनीतरी म्हननार. रोज तुमी मराल."

भागोजी ट्रंकेची कडी वरखाली करत राहिला.

"मी वाईट म्हनत नाय," ती म्हणाली. "ती बाकावरची बाय किती सुखात व्हती. तिच्या नवऱ्याला ता जमतंय. कुनाला जमतं, कुनाला नाय. आपन आधी तुमचं आपरेशन करू. फुडच्या वर्साचा शिमगा सोडून त्याच्या फुडच्या शिमग्यापत्तूर वाट बगू. तवर कायच झालं नाय, तर परत हतंच येऊ. मंग सही करायची काय संस्थेत जायचं, ता तवा ठरवू. पन मंग रडायचं नाय."

"कोन रडतंय?"

"मी मलाच सांगतंय," गोदा म्हणाली.

इतकी वाक्यं गोदा एका दमात बोलली हेच भागोजीला मोठं वाटलं. गाडीत तो हातखंब्यापर्यंत झोपला नाही.

१९८६च्या जानेवारीत ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी तो हॉटेलात आला, पण भट्टीपुढे उभं राहायचं नव्हतं. पालीहून एक आचारी ठेवला. तीन आठवड्यांत गिऱ्हाईक निम्मं झालं. आचाऱ्याचा वडा वरून लाल आणि आत कच्चा. एक दिवस एका ट्रकवाल्याने तसला वडा अर्धा खाऊन बशीत ठेवला आणि पैसे देऊन गेला. भागोजीच्या डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या दिवशी आचारी नव्हता. पदर खोचून, केस फडक्यात बांधून भट्टीपुढे गोदा उभी होती.

हमरस्त्यावर, ट्रक-टेम्पोवाल्यांच्या समोर बाईने भट्टी सांभाळायची हे नाक्याने कधी पाहिलं नव्हतं. पहिले काही दिवस समोरच्या पानाच्या टपरीवर माणसं उगीच उभी राहायची. कुणी म्हणायचं, भागोजी बायकोच्या जिवावर बसून खातो. भागोजी गल्ल्यापाशी बसून नेहमीच्याच आवाजात उत्तर द्यायचा, "खरी गोष्ट हाय. डाक्टरनं सांगितलाय. तुला पन चहा पायजे काय?" बोलणारा मुकाट चहा पिऊन जायचा.

त्याची खरी अडचण वेगळीच होती. त्याला लांब राहवायचं नाही. गोदा पीठ भिजवायला लागली की तो हळूच सरकत यायचा, "सोडा जास्त झाला," "आच कमी कर" असं सांगत. गोदा झारा उचलायची. तो तीन पावलं मागे. थोड्या वेळाने पुन्हा. एकदा तिने खडूने फरशीवर रेघ मारून ठेवली आणि मला म्हणाली, "बाई, तुमी शाळंत पोरांना कसं गप बसवता?" गोदाचा वडा भागोजीपेक्षा लहान, पण त्यात ती ओलं खोबरं आणि कोथिंबीर सढळ हाताने घालायची. शिवाय तिने घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ सुरू केली. मार्चमध्ये गिऱ्हाईक होतं तेवढं झालं, मे महिन्यात चाकरमानी आले तेव्हा बाकडी पुरेनात. भागोजीला आनंद झाला आणि जरा टोचलंही. "माजा वडा बरा का हिचा?" असं तो मला एकदा खाजगीत विचारून गेला. मी म्हटलं, मी मास्तरीण आहे, दोघांनाही पास करते.

येसूबाई उन्हाळ्यात नाक्यावर यायला लागली. आली, पडवीत बसली आणि कुणी न सांगता बटाटे सोलायला घेतले. गोदाशी तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते बटाट्यांवरून: "किती उकडू?" एवढंच. मग जुलैत वाडीतल्या मैनाची ओटी होती. नेहमीसारखी एका म्हातारीने गोदाला मागच्या दारी पाणी बघायला सांगितलं. गोदा उठली. येसूबाईने तिचा हात धरून खाली बसवलं आणि भरल्या बायकांत म्हणाली, "ती पानी बगायची नाय. तिच्यात काय नाय. उनं हाय ता माज्या पोरात हाय, तर माज्या पोराला धाडा पानी बगायला. पयली ओटी ही भरंल." आणि तांदळाचं सूप तिने गोदाच्या मांडीवर ठेवलं. गोदाने ओटी भरली. ओंजळीतले निम्मे तांदूळ खाली सांडले, असं मैनाच मला सांगत होती.

मेच्या अखेरीला भागोजीची तपासणी झाली होती. नव्वद लाख. आता तो रिपोर्ट माझ्याकडे उघडपणे घेऊन यायचा आणि मुलाचं प्रगतिपुस्तक ऐकावं तसं ऐकायचा. दुपटीवर गेलेत, मी म्हटलं. पण तो खट्टू झाला. एवढं सोडून, एवढं कापून, अजून निम्म्यालाही नाही. त्यात ऑगस्टमध्ये मुंबईत टेस्ट ट्यूब बेबी जन्मल्याची बातमी आली. हॉटेलात दिवसभर तोच विषय. कुणी म्हणे बाटलीत वाढवतात, कुणी म्हणे यंत्रात. गोदा झारा फिरवत ऐकत होती. संध्याकाळी तिने मला बातमी मोठ्याने वाचायला लावली. "ह्यां आमच्यासाठी हाय काय?"

पुढच्या खेपेला मीही बरोबर होते; तिने सोवनीबाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "ते ज्यांच्या नळ्या बंद असतात त्यांच्यासाठी निघालंय. तुझ्या उघड्या आहेत. आणि त्यालाही नवऱ्याचं बी चांगलं लागतं. पेपरात आलं म्हणून वाट बदलू नको. पण खरंच थकली असलीस तर सांग. मी मुंबईला पत्र लिहिते."

गोदा बाहेर आली आणि पायरीवर बसली. भागोजी तिच्याजवळ बसला. मी जरा लांब उभी राहिले, तरी ऐकू आलं. तो म्हणाला, "थकलीस?"

"व्हय."

"जायचं काय मुंबयला?"

तिने पायाच्या बोटातली जोडवी फिरवून नीट केली. "शिमग्याला अजून सात म्हयने हायेत," म्हणाली. "ठरलाय ता ठरलाय." मग उठली आणि बाजारातून वाटाणे घ्यायचे आहेत म्हणून पुढे चालायला लागली.

डिसेंबरात एक कोटी सत्तर लाख आले. सोवनीबाईंनी गोदाला महिन्यातले दिवस मोजायला शिकवले. ती भट्टीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची. गिऱ्हाइकांना वाटायचं दुधाचा हिशोब आहे.

१९८७चा शिमगा आला. पालखी घरोघर फिरत होती, मुंबईकरांनी नाका भरला होता, भट्टीवर उसंत नव्हती. अशा भर गर्दीत, सकाळी अकरा वाजता, गोदाने झारा सासूच्या हातात दिला, हात धुतले आणि शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. "बाई, अर्धी रजा मिळंल काय? माज्याबरोबर चला. त्यांना सांगितलं नाय. नसलं तर उगाच..."

होते. दिवस राहून दीड महिना झाला होता. सोवनीबाईंनी दोनदा तपासलं, मग टेबलाला वळसा घालून आल्या आणि गोदाचे दोन्ही हात धरून तिला खुर्चीत बसवलं. गोदा म्हणाली, "अजून कुनाला सांगू नका. माजी मलाच सवय व्हऊ दे."

परत आलो तेव्हा भागोजी गल्ल्यावर सुटे पैसे देत होता. तिने त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द सांगितले. तो उठला. गल्ला तसाच उघडा टाकून मागच्या पडवीत गेला आणि भांडी घासायला बसला. घासलेली भांडीसुद्धा पुन्हा घासली. मोठी कढई, जी इतक्या वर्षांत कुणी मागून घासली नव्हती, तीही त्याने लख्ख केली. येसूबाई झारा हातात घेऊन विचारत राहिली, "अरे, कुणी सांगंल काय झालाय ता?" आणि भट्टीवरचे वडे सगळे काळे झाले. त्या दिवशी ते काळे वडे लोकांनी तसेच खाल्ले. कुणी तक्रार केली नाही. बातमी त्यांना आपोआप कळली होती.

पाचव्या महिन्यात सोवनीबाईंनी गोदाला उभं राहायची बंदी केली. भागोजी पुन्हा भट्टीपुढे गेला आणि दीड वर्षाचा उपास सुटल्यासारखा बोलायला लागला. नोव्हेंबरात मुलगी झाली. नाव येसूबाईने ठेवलं, राही. बारशाला मला आत्याचा मान दिला.

सव्वा महिन्याने गोदा बाळाला घेऊन नाक्यावर आली. बाळ भागोजीच्या हातात दिलं, पदर खोचला आणि म्हणाली, "सरा."

"आता कशाला? आता मी उभा ऱ्हायलो तर काय व्हतंय?"

"गिऱ्हाईक घावणे मागतंय. तुमच्या घावण्याला जाळी पडत नाय."

भागोजीने माझ्याकडे दाद मागितली. मी चहा प्यायला लागले. भट्टी गोदाकडे गेली ती कायमची, आणि भागोजी मुलीला मांडीवर घेऊन गल्ल्यावर बसला तो मी १९९०मध्ये बदलून जाईपर्यंत तिथेच होता.

त्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत मी एक वेगळीच गोष्ट पाहिली. कधी चिपळूणकडचा, कधी लांज्याकडचा, एखादा तरुण माणूस हॉटेलात यायचा. चहा घ्यायचा, संपला तरी बसून राहायचा, दुसरा मागवायचा. भागोजी मुलीला आजीकडे द्यायचा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसायचा. बाकी नाक्यावर ओरडून बोलणारा हा माणूस त्याच्याशी एवढ्या हळू आवाजात बोलायचा की मला माझ्या कोपऱ्यात काही ऐकू यायचं नाही. त्यांतल्या सगळ्यांना मुलं झाली असं नाही. एकाने संस्थेतून मुलगा आणला आणि पेढे घेऊन आधी नाक्यावर आला. एकाला काहीच लाभलं नाही; तो अजूनही येतो, असं भागोजीने मला पत्रात लिहून कळवलं होतं.

माझ्या बदलीच्या आधीच्या आठवड्यात असाच एक आला होता, केरू नावाचा, पूर्णगडकडचा, होडीवर काम करणारा. बायको बाहेर एसटीच्या फलकाखाली उभी. भागोजीने त्याला कोपऱ्यात बसवून सगळं सांगितलं असावं, कारण केरू मान हलवत राहिला आणि शेवटी जरा मोठ्याने म्हणाला, "नको दादा, त्या लॅबोरेटरीत माज्याच्यानं जाववनार नाय."

भागोजीने गल्ल्याला कुलूप घातलं. खुंटीवरचा सदरा चढवला. "चल, मी येतो," म्हणाला. "भायेर बाकावर बसतो. कुनी वळखीचं आलं तर मी बोलत ऱ्हातो, तुज्याकडं कुनाचं लक्ष जानार नाय."

रत्नागिरीची गाडी आली. केरूच्या बायकोला पुढे बसवून ते दोघे मागच्या सीटवर बसले, आणि गाडी सुटेपर्यंत भागोजीचं बोलणं चालू होतं.